दिसतेय तोवर हरवली नाही

"अहो, आत काय चाललंय? मला ऑफिसला उशीर होतोय."

"एकच मिनिट. शेवटची बुडतेय."

बंद बाथरूममधून असं उत्तर आल्यावर दुसऱ्या कुठल्याही बायकोने शेजाऱ्यांना हाका मारल्या असत्या. चष्मेवाल्यांच्या बायकोने नुसता दाराला खांदा लावला. आत टब काठोकाठ भरला होता. तळाशी रंगीबेरंगी प्लास्टिकच्या चकत्या एकीवर एक निजल्या होत्या आणि घरचे कर्ते पुरुष, बाजारपेठेतले जुने आणि विश्वासू चष्मेवाले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून टबापाशी बसले होते.

"एकजात सगळ्या बुडाल्या गं," ते हताश होऊन म्हणाले. "एकीनेसुद्धा नाव राखलं नाही."

"मी अंघोळ कुठे करू?"

"यात नको करूस. तळ्याचं पाणी गढूळ असतं ना, म्हणून मी कुंडीतली थोडी माती कालवलीय."

बायकोने टबाकडे पाहिलं, मग बाल्कनीतल्या उघड्या पडलेल्या कुंडीकडे पाहिलं, आणि ती तोंड धुऊन ऑफिसला निघून गेली. ती विमा कंपनीच्या दावे विभागात होती. पाण्याने झालेलं नुकसान पाहून आरडाओरडा करायचा नाही, आधी कारण शोधायचं, ही सवय तिच्या अंगात मुरलेली होती.

कारण तिला माहीत होतंच. डिस्क गोल्फ. हा खेळ ज्यांना ठाऊक नाही ते भाग्यवान आहेत. यात मोठी माणसं दर रविवारी बागेत जमतात, लांब उभ्या केलेल्या लोखंडी टोपलीत चकती फेकायचा प्रयत्न करतात, ती झुडपात गेली की झुडपात शिरतात आणि याला व्यायाम म्हणतात. टोपलीवर साखळ्या लोंबत असतात. चकती त्यांवर आदळली की खळ्ळकन आवाज होतो. त्या एका आवाजासाठी चष्मेवाल्यांनी आयुष्यातले सगळे रविवार वाहून टाकले होते.

तेही एकवेळ चाललं असतं. पण बागेच्या मधोमध एक तळं होतं आणि सातवी टोपली तळ्यापलीकडे होती. चष्मेवाल्यांनी त्या तळ्याला इतक्या चकत्या अर्पण केल्या होत्या की माशांना आता त्यांच्या सावलीत राहायची सवय झाली असावी. मागच्या रविवारी त्यांची सगळ्यात लाडकी, सगळ्यात महागडी चकती डुबुक करून गेली, आणि त्या संध्याकाळी बायकोने शांतपणे निकाल दिला.

"आता एक ताटली जरी हरवली, तर खेळ बंद. पिशवी भाऊजींना देऊन टाकायची."

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, चष्मेवाल्यांचा साडू. हा दातांचा डॉक्टर. हातात येईल ती चकती तो मागचापुढचा विचार न करता फेकायचा आणि ती टोपलीत जायची. असल्या माणसाच्या हातात आपली पिशवी! या एका खेळाशिवाय चष्मेवाल्यांकडे होतं काय? आठवडाभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं, आणि रविवारी तरी आभाळात काही बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"तळ्याच्या कडेकडेने टाकत का नाही जात?" बायकोने विचारलं होतं. "पाण्यावरून न्यायची गरजच काय?"

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने त्यांना साडी नेसून खेळायला सांगितलं आहे.

पाण्यावरून फेकायला कुठली चकती घ्यावी, याबद्दल खेळाडूंमध्ये दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो, हाताला सगळ्यात सवयीची असेल ती घ्या, दगा देणार नाही. दुसरा म्हणतो, गेली तरी डोळ्यांत पाणी येणार नाही अशी जुनीपुराणी घ्या, म्हणजे हात मोकळा सुटतो. चष्मेवाले आधी पहिल्या पंथात होते. सवयीच्या सगळ्या बुडाल्या. मग ते दुसऱ्या पंथात गेले. जुन्यापुराण्याही बुडाल्या, आणि डोळ्यांत पाणी यायचं ते आलंच. तळ्याला कुठलाच पंथ मान्य नव्हता.

म्हणून त्यांनी स्वतःचा तिसरा पंथ काढला. चकती पाण्यापलीकडे जाते की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. ती बुडते की तरंगते एवढंच बघायचं. जी बुडणार नाही ती हरवणार नाही, आणि हरवली नाही तर खेळ बंद होणार नाही. या तर्कात कुठे फट सापडते का ते त्यांनी दोनदा तपासून पाहिलं. खेळात चकती टोपलीपर्यंत न्यायची असते, हा भाग तेवढा त्यांच्या ध्यानातून निसटला.

बाजारातल्या खेळाच्या दुकानात त्यांना हवी तशी मिळाली. हलकीफुलकी, पोकळ प्लास्टिकची.

"ही बुडतच नाही साहेब," दुकानदार म्हणाला. "फक्त वारा असला की जरा..."

"बुडत नाही ना? बास."

"नाही, पण वाऱ्यात ती..."

"बांधा."

दुकानदाराने दोन रंग दाखवले, नारिंगी आणि गुलाबी. इथे मात्र घोडं अडलं. ज्या माणसाने जन्मभर गिऱ्हाइकांना "हे बरं की ते बरं?" विचारून त्यांच्याकडून उत्तर काढलं, त्याला स्वतःला कधी रुमालाचा रंग ठरवता आला नव्हता. त्यांनी दोन्ही घेतल्या, आपल्या दुकानात आणल्या आणि नंबर तपासायच्या अक्षरांच्या फलकावर टांगल्या. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या.

"समोर बघा. नारिंगी ठळक की गुलाबी ठळक?"

"अक्षरं कुठे गेली?"

"अक्षरं नंतर. आधी हे सांगा."

"दोन्ही दिसतात."

"असं नाही चालायचं. समजा त्या पाण्यात आहेत."

"कोण पाण्यात आहेत?"

"चकत्या."

"मला वाचायचा चष्मा हवाय हो."

"बरं, मग समजा तुम्ही तळ्याकाठी वाचत बसलाय. वाचता वाचता मान वर केलीत. आता सांगा."

मुख्याध्यापिकांनी उभ्या हयातीत असा विद्यार्थी पाहिला नव्हता. "नारिंगी," असं म्हणून त्या उठल्या आणि समोरच्या फुटपाथवरच्या दुसऱ्या चष्मेवाल्याकडे गेल्या. पण चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला होता. रंग ठरला होता.

रविवारी बायको स्वतः बागेत आली. तिच्या खात्यात जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय कुठलाही दावा निकाली काढत नाहीत. साडू आधीच येऊन हात झटकत उभा होता. तळ्यावर वारा सुटला होता आणि तो नेमका समोरून येत होता.

"साडूबुवा, जड घ्या जड," साडू म्हणाला. "समोरच्या वाऱ्यात ती हलकी कागदासारखी उडेल."

"पण जड बुडते."

"पलीकडे गेल्यावर कशाला बुडेल?"

"आणि नाही गेली तर?"

"तर बुडेल. खेळच आहे तो."

"तुमचं काय जातंय!" चष्मेवाल्यांनी पिशवी उघडली. जड चकती काढली, ठेवली. नारिंगी काढली, ठेवली. पुन्हा जड काढली.

"हे बरं की ते बरं?" साडूने हुबेहूब त्यांच्या आवाजात विचारलं, आणि बायको खुदकन हसली. त्या हसण्याने निर्णय झाला. चष्मेवाल्यांनी नारिंगी उचलली, चार पावलं धाव घेतली आणि जीव खाऊन फेकली.

सुरुवात झकास झाली. तळ्याच्या मध्यापर्यंत ती सरळ गेली. मग वाऱ्याने तिला खालून हात दिला, तशी ती वर चढली, आणखी वर चढली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी हवेत क्षणभर थांबली आणि अलगद तळ्याच्या ऐन मध्यावर उतरली.

साडूने कपाळावर हात मारला. चष्मेवाले मात्र उडीच मारून ओरडले, "तरंगली! अगं, तरंगली बघ!"

चकती पाण्यात पडल्यावर नाचणारा खेळाडू त्या बागेने पहिल्यांदाच पाहिला.

"हरवली," बायको म्हणाली.

"हरवली कशी? ती काय समोर दिसतेय."

"हातात आहे का?"

"हातात नाही, पण दिसतेय."

"दिसून काय उपयोग? परत मिळत नाही म्हणजे हरवली. पिशवी द्या भाऊजींना."

साडूने लगेच हात पुढे केला. अशा बाबतीत तो फार तत्पर. पण चष्मेवाल्यांनी पिशवी छातीशी धरली आणि संसारात बायकोचं बोलणं ऐकल्याचा पहिला फायदा त्यांना त्या दिवशी मिळाला.

"थांब. त्या अंगठीवाल्याचं काय झालं होतं? ज्याची अंगठी गटाराच्या जाळीखाली पडली होती?"

बायको एकदम सावध झाली. "त्याचं इथे काय?"

"तूच जेवताना सांगितलं होतंस. त्याने भरपाई मागितली. तू जाऊन पाहिलंस. अंगठी जाळीतून दिसत होती, काढता येत नव्हती. तू दावा फेटाळलास. काय म्हणाली होतीस?"

बायको पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"काय म्हणाली होतीस?"

"दिसतेय तोवर हरवली नाही," ती पुटपुटली.

तत्त्वाची बाई म्हणून तिचा ऑफिसात दरारा होता. अंगठीवाल्याला एक न्याय आणि नवऱ्याला दुसरा, हे तिच्याने झालं नसतं. नवऱ्याला जास्त कडक न्याय लावायची तिची तयारी होती, पण तसा नियम नव्हता. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण ज्या रविवारी मला ती दिसणार नाही, त्या रविवारी हरवली. मग एक शब्द ऐकणार नाही."

चष्मेवाल्यांनी आनंदाने मान डोलावली. आपण कशाला मान डोलावली हे त्यांना पुढच्या घटकेत कळलं. साडूने सहज म्हणून एक धोंडा उचलला होता.

"काय करताय?"

"लाटा करतोय. काठाला येईल."

धोंडा चकतीच्या पार कानाजवळ पडला. लाटांनी ती आणखी आत गेली आणि गटांगळी खाता खाता वाचली. दुसरा धोंडा साडूने जरा मोठा उचलला. त्याच्या चेहऱ्यावर मदतीचा भाव होता, पण त्याची नजर पिशवीवर होती.

तेवढ्यात शिट्टी वाजली. बागेचा रखवालदार झाडाखालून आला. "दगड टाकायचा नाही. पाण्यात उतरायचं नाही. गळ टाकायचा नाही. पाणकोंबड्यांना त्रास होतो."

"माझी चकती आहे तिथे," चष्मेवाले म्हणाले.

"पाणकोंबड्या आधीपासून आहेत," रखवालदार म्हणाला.

झालं. पुढच्या रविवारी चष्मेवाले बागेत गेले ते थेट तळ्याकाठच्या बाकावर बसले. खेळायला जायची सोय नव्हती. पहिल्या टोपलीपाशी गेलं की तळं झाडाआड जात होतं, आणि तळं नजरेआड झालं की साडूच्या हाताला धोंडे लागत होते. चकती बुडाली तर खेळ बंद. म्हणून खेळ वाचवण्यासाठी चष्मेवाल्यांनी खेळ बंद केला. या व्यवहारात आपला नेमका कुठे फायदा झाला, हे शोधायला त्यांना बाकावर भरपूर वेळ होता.

साडू दर फेरीत येऊन विचारपूस करी. "बुडाली का?"

"नाही."

"बघा हं, कडेने पाणी चढल्यासारखं वाटतंय."

तो देव पाण्यात घालून बसला होता.

मग बायको पाहणीला आली. तिने डोळ्यांवर हात धरून तळ्याकडे पाहिलं आणि सरळ म्हणाली, "दिसत नाही. हरवली."

"अगं, ती काय! त्या वेताच्या डावीकडे!"

"मला नाही दिसत."

"मलाही नाही दिसत," साडू म्हणाला. त्याला पलीकडच्या काठावरच्या फलकाची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत.

चष्मेवाले भडकणार होते, पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. ती खोटं बोलत नव्हती. ती डोळे बारीक करून खरोखर शोधत होती.

"कुठल्या डोळ्याने दिसत नाही?"

"दोन्ही. लांबचं सगळं विरघळल्यासारखं दिसतं. तुम्हाला कितीदा सांगितलं."

सांगितलं होतं. तिने सांगितलं की ते म्हणायचे, रविवारी बघू, आणि रविवारी तळं असायचं. अख्ख्या बाजारपेठेचे डोळे तपासणाऱ्या माणसाला घरातले दोन डोळे राहून गेले होते. चष्मेवाल्यांना मनापासून वाईट वाटलं. मग, वाईट वाटून झाल्यावर, ही चकतीसाठीही उत्तम संधी आहे हेही त्यांच्या लक्षात आलं. रखवालदाराला बाकापाशी पहाऱ्याला बसवून ते धावत दुकानात गेले आणि भिंगांची पेटी काखोटीला मारून परत आले. बायकोच्या नाकावर तपासणीची लोखंडी चौकट चढली.

"तळ्याकडे बघ. हे बरं की ते बरं?"

"ते."

"आता?"

"आता जरा... अगं बाई! ती काय नारिंगी!"

"हरवली?"

"नाही." तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुमच्या कानांपाशी केस पांढरे झालेत की."

"केव्हाच झालेत."

"मला वाटायचं दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेड पडतोय."

नवा चष्मा तयार झाला. तो नीट बसलाय का हे बघायला ती पुढच्या रविवारी आली. त्याच्या पुढच्या रविवारी पाहणीला आली. मग उन्हाची म्हणून टोपी घेऊन आली, आणि मग पाठीला म्हणून उशी. चकतीवरून नजर हलवायची नसल्यामुळे चष्मेवाल्यांचे कान रिकामे होते, आणि त्या कानांना प्रथमच बायकोचं बोलणं सलग ऐकू येऊ लागलं. तिच्या ऑफिसात एक माणूस स्वतःच्याच गाडीला स्वतःच्याच दुसऱ्या गाडीने धडकून दोन्हींची भरपाई मागायला आला होता. चष्मेवाले इतके हसले की पाणकोंबड्या उडाल्या. मग त्यांनी तिला मुख्याध्यापिकांची गोष्ट सांगितली आणि ती उशीत तोंड खुपसून हसली. चहाची गाडी बागेच्या दाराशी होती. एका रविवारी चहा त्यांनी आणायचा, एका रविवारी तिने, कारण कुणीतरी एकाने चकतीवर लक्ष ठेवणं भागच होतं.

साडू आता एकटाच खेळत होता. टोपलीत चकती पडली की खळ्ळ आवाज व्हायचा, आणि तो ऐकायला कुणीच नसायचं. "अहो, बुडू द्या ना ती," तो एकदा काकुळतीला येऊन म्हणाला. "पिशवी नको मला. तुम्ही खेळायला या."

"शब्द दिलाय," चष्मेवाले गंभीरपणे म्हणाले.

एका रविवारी चष्मेवाले चहा आणायला गेले होते. वारा फिरला होता. बायकोने चष्मा नीट केला आणि पाहिलं, तर चकती हळूहळू काठाकडे येत होती. येता येता वेतात जरा अडखळली, सुटली, आणि तिच्या पायांपाशी येऊन काठाला लागली. वाकून हात घातला असता तर हातात आली असती.

ती उठली. चकतीवर शेवाळ धरलं होतं. आता ही हातात घ्यायची, पुसायची, आणि नवऱ्याला द्यायची. मग दावा संपला. पुढच्या रविवारी तो साडूबरोबर सातव्या टोपलीशी उभा असेल आणि आपण घरी कुंडीत नवी माती भरत असू. इतक्या वर्षांनी नवरा शेजारी बसून ऐकायला लागला होता, आणि ते सगळं त्या शेवाळलेल्या ताटलीवर तरंगत होतं. तिने दाराकडे पाहिलं. तो गर्दीतून दोन पेले सांभाळत येताना लांबवर दिसत होता. आता लांबचं तिला स्वच्छ दिसायचं.

जन्मभर लोकांचे खोटे दावे पकडणाऱ्या त्या बाईने चप्पल काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि पायाच्या अंगठ्याने चकती आत लोटली. ती वीतभर गेली आणि लाटेबरोबर मुकाट्याने परत आली. तिने पुन्हा लोटली. ती पुन्हा परत आली.

"बाई, पायाने नाही जमायचं," झाडाखालून रखवालदाराचा आवाज आला. "साहेब काठीने ढकलतात."

ती दचकून वळली. "कोण साहेब?"

"तुमचेच की. चहाची पाळी तुमची असली की. बाकाच्या मागे ठेवलीय बघा."

बाकाच्या मागे, गवतात झाकून ठेवलेली, एक लांब सरळ फांदी होती. पानं काढून ती नीट तासली होती, आणि जिथे हात धरायचा तिथे चष्मा पुसायचं मऊ फडकं गुंडाळून घट्ट बांधलं होतं. बायकोने ती फांदी उचलली. मग तिने टोक चकतीच्या कडेला लावलं आणि एकच लांब, सरळ धक्का दिला. चकती डुलत डुलत तळ्याच्या मध्यावर गेली. तिने फांदी होती तशी गवतात ठेवली, वर गवत सारखं केलं आणि बाकावर बसली.

चष्मेवाले दोन पेले घेऊन आले. "आहे ना गं जागेवर?"

"आहे. मघाशी जरा जवळ आल्यासारखी वाटली, पण परत लांब गेली."

"अरेरे," चष्मेवाले म्हणाले, आणि चहा न सांडता तिच्या शेजारी बसले.